बॅनर अंथरून घेतलेला तास

माझी पहिली चूक चर्चमध्ये झाली. ती इतकी विनोदी होती की तिच्याकडे आजार म्हणून कुणाचं लक्षच गेलं नाही. माझंही गेलं नाही.

कोपरगावला आमच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब मंडळीतल्या कुणालाही उभं करून प्रार्थना करायला सांगतात. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजारी माणसांसाठी प्रार्थना करायची होती. मला त्यात नवीन काहीच नव्हतं. वडील प्राथमिक शिक्षक, त्यामुळे चारचौघांत उभं राहून बोलण्याची भीती आमच्या घरात कुणालाच शिवली नाही. मी उठले, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "व्यासपीठावर उपस्थित सर्व सन्माननीय मान्यवर..."

पुढे काही सुचेना. तोंडात आलेलं पुढचं वाक्य दीपप्रज्वलनाचं होतं आणि ते तिथे चालण्यासारखं नव्हतं. मागच्या बाकांवरची तरुण पोरं खुदखुदली. मी "आमेन" म्हणून खाली बसले. घरी येताना नवऱ्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, की देवाला शाल-श्रीफळ द्यायचं राहून तर नाही ना गेलं. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. निदान शिकवायचे. मधली दोन-तीन वर्षं मी मुख्यतः कॉलेजने काय काय केलं याचे पुरावे गोळा करत होते. कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येते, तिच्यासाठी प्रत्येक गोष्टीची फाईल लागते, आणि त्या फाईलींची कोऑर्डिनेटर मी होते. झाड लावलं की बॅनर, हात धुण्याचा दिवस साजरा केला की बॅनर. बॅनरसमोर पाहुणे, पाहुण्यांच्या हातात रोप, समोर खुर्च्यांवर मुलं, आणि या सगळ्याचा जिओटॅग फोटो, म्हणजे खाली ठिकाण आणि वेळ उमटलेला. मग अहवाल: विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. ज्या कार्यक्रमाला मुलं खुर्चीवर बसल्या बसल्या झोपली होती, त्याच्याही अहवालात मी उत्स्फूर्त प्रतिसाद लिहिलेला आहे. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मीच करायचे, अहवाल मीच लिहायचे आणि फाईल मीच लावायचे. प्राचार्य सगळ्यांसमोर सांगायचे, मॅडमशिवाय कॉलेजचं पान हलत नाही. हे ऐकून मला बरं वाटायचं. माणूस कशाने फसेल सांगता येत नाही.

दुसरी चूक वर्गात झाली, आणि तिच्यावर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता. नदीचं कार्य हा धडा. हा धडा मी इतकी वर्षं शिकवलाय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. मी आत गेले, फळ्यावर शीर्षक लिहिलं, नदीचं एक वळण काढलं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात मोबाईल दिला आणि फळ्याकडे बोट करून उभी राहिले. तिने फोटो काढला. मी फोटो नीट आलाय का पाहिलं, ठिकाण आणि वेळ उमटलीय याची खात्री केली, हजेरी घेतली, डस्टर उचललं आणि वर्गाबाहेर पडले.

स्टाफरूममध्ये येऊन चहा घेतला. थोड्या वेळाने तीच मुलगी दारात आली आणि अवघडून म्हणाली, "म्याडम, तास झाला का आमचा? का आमी बसू?"

मला आधी ती काय विचारतेय तेच कळेना. मग कळलं. मी शिकवलंच नव्हतं. विसरले असंही नाही. माझ्या दृष्टीने तास झाला होता, कारण फोटो निघाला होता. मी तिला म्हटलं, बसा, आलेच. पण खुर्चीतून उठताच आलं नाही. पाय होते जागेवर, पण मला त्या वर्गात जाऊन तोंड उघडायची भीती वाटली. मी तिथेच रडले. सहकारी बायांनी दार लावून घेतलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, बीपी तपासलं आणि बर्नआउट हा शब्द वापरला. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की माझा भात बुडाला लागलाय. वरून पांढरा दिसतो, म्हणून कुणाला कळत नाही, पण वास सगळ्या भाताला लागलेला असतो. नवरा साखरेच्या फॅक्टरीत केमिस्ट आहे. गळीत हंगाम सुरू झाला होता आणि त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तरी त्याने रजा टाकली, माझी बॅग भरली आणि मला पुणतांब्याला बाबांकडे नेऊन सोडलं. मी मेडिकल लीव्ह घेतली होती. खरं तर मनातून मी नोकरीच सोडायचं ठरवत होते. ज्या बाईला वर्गात उभं राहवत नाही, तिने प्राध्यापक म्हणून पगार घेऊ नये, एवढं साधं वाटत होतं मला.

बाबा निवृत्त झाल्यापासून पुणतांब्यातच राहतात. शेवटची शाळा तिथली होती, आणि आई गेल्यावरही त्यांनी ते छोटं घर सोडलं नाही. सकाळी स्वतःचा चहा स्वतः करतात, संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसतात. त्यांच्याकडे विश्रांती घ्यायची म्हणून मी पहिल्याच दिवशी काय केलं, तर विश्रांतीचं वेळापत्रक तयार केलं. सकाळी चालणे, नंतर श्वसनाचे व्यायाम, मग वाचन, मनन, दुपारी झोप, संध्याकाळी निसर्गनिरीक्षण. चौकोन आखून, ठळक अक्षरांत, आणि शेवटी एक रकाना शेऱ्याचा. ते मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलं.

बाबांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "तपासणीला कोन येनार हाय?"

मी म्हटलं कुणी नाही, माझ्यासाठीच आहे. त्यांनी तो कागद अलगद काढला आणि डब्यांच्या फळीवर अंथरला. पुढचे कितीतरी दिवस माझ्या मननावर हळदीचा डबा होता. मला त्यांचा राग आला. मी भांडलेही. मी आजारी आहे आणि तुम्ही चेष्टा करता, असं काहीतरी बोलले. ते वांगी चिरत राहिले.

त्यांच्या मनातलं त्यांनी मग घाटावर सांगितलं. पूर्वी त्यांच्या शाळेत तपासणीला साहेब यायचा. आधीचे आठ दिवस शाळा नुसती धावपळ करायची, भिंतीवर तक्ते लागायचे, हुशार पोरं पुढच्या ओळीत बसायची. साहेब यायचा, जेवायचा, शेरा मारून जायचा. आणि मग वर्षभर मास्तर शिकवायला मोकळा. हे सांगून बाबा म्हणाले, "तुजा साहेब जातच न्हाई, बाई. त्यो तुज्या डोक्यात बिऱ्हाड करून बसलाय. इथं नदीवर आलीस तरी संगं घेऊन आलीस."

मी पाण्याकडे बघत बसले. तेव्हासुद्धा मनात एक वाक्य तयार होत होतं: सायंकाळी घाटावर जाऊन निसर्गनिरीक्षण करण्यात आले. मी ते वाक्य पकडलं आणि मला पहिल्यांदा त्याचं हसू आलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी कोपरगावच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. मान्यवरांच्या प्रकरणानंतर मी तिकडे फिरकले नव्हते. बाबा म्हणाले, मला स्कूटरवर घेऊन चल, मी म्हातारा माणूस, एसटीत लोंबकळत कुठे येऊ. एरवी ते एसटीनेच जात असत आणि कुणी जागा दिली तर त्यांना राग येत असे. मी समजले, पण नेलं.

प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब सगळ्यांना गप्प बसायला सांगतात. आत्मपरीक्षणाची वेळ म्हणतात तिला. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी प्रत्येकाने आपापल्या आत डोकावून यायचं. कुणी विचारत नाही काय सापडलं ते. कुणाला सांगायचंही नसतं. लहानपणी त्या शांततेत मी गुडघ्यावर आपटलेली आठवत बसायचे, नाहीतर भावाशी केलेलं भांडण. गेली काही वर्षं मात्र त्या शांततेत मी सोमवारची कामं मनात लावून घेत होते, हे मला त्या दिवशी तिथे बसल्यावर लक्षात आलं. कॉलेजात आम्ही दर वर्षी स्वयं-मूल्यमापनाचा फॉर्म भरतो. त्यात मी स्वतःला नेहमी उत्तम म्हटलेलं आहे. तिथे आत डोकवायला जागाच नसते. पुराव्याची झेरॉक्स मात्र जोडावी लागते.

त्या रविवारी मी खरोखर आत गेले. भीत भीतच. मला वाटत होतं, आत काहीच उरलं नसणार. पण नदीचं ते वळण डोळ्यांसमोर आलं, फळ्यावर अर्धवट सोडलेलं. ते पुढे कसं सांगायचं होतं, कुठल्या गावाचं उदाहरण द्यायचं होतं, मुलं कुठे अडतात आणि तिथे काय विचारलं की त्यांच्या डोक्यात उजेड पडतो, ते सगळं आत जसंच्या तसं होतं. मी शिकवण्याने दमलेच नव्हते. शिकवल्याचं सिद्ध करून करून दमले होते. हे कळल्यावर मला एवढं बरं वाटलं की भाकर हातात आली तेव्हा मी रडत होते आणि शेजारच्या मावशी माझी पाठ चोळत होत्या. त्यांना वाटलं काही दुःखाचं आहे.

बरं वाटलं म्हणजे बरी झाले असं नाही. वर्गाची भीती तशीच होती. शिकवण्याचं सगळं आत आहे हे कळलं होतं, पण ते तोंडावाटे बाहेर येईल की नाही याची खात्री नव्हती.

अशात प्राचार्यांचा फोन आला. माणूस वाईट नाही. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलंच असतं. समिती लवकरच येणार होती आणि फाईलींचं कुणाला काही समजत नव्हतं. रजा संपायच्या आत या, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. आणि तब्येत साथ देत नसेल तर स्वेच्छानिवृत्तीचाही विचार करायला हरकत नाही, हेही त्याच गोड शब्दांत सांगितलं. म्हणजे कोऑर्डिनेटर म्हणून या, नाहीतर जा. महिन्याभरापूर्वी मी आनंदाने गेले असते. आता मला माझा वर्ग हवा होता, आणि तो हातातून जाईल याची भीती वाटली.

मी म्हटलं, "सर, मी येते. पण वर्गात येते. फाईलींत नाही."

ते म्हणाले, बघू. त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मला परत घेतलं खरं, पण खुशीने नाही. सकाळचा अगदी पहिला तास दिला, ज्याला बाहेरगावची मुलं एसटीमुळे अर्धी येतच नाहीत. कोऑर्डिनेटरपद एका तरुण सहकाऱ्याच्या गळ्यात पडलं. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं. पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी मी घुटमळले. आत गेले. फळ्याला हातच लावला नाही. म्हटलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरापासून नदी दिसते? हात वर झाले. मग सांगा मला, ती कशी वागते. एकाने सांगितलं, त्याच्या आजोबांची बांधालगतची जमीन नदीने खाल्ली. दुसरा म्हणाला, आमच्याकडं तर उलटं, गाळ येऊन पडतो. मी बोलले थोडंच, आणि तेही कापऱ्या आवाजात. पण घंटा झाली तेव्हा तास खरंच झालेला होता.

मुलं गेल्यावर मी रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाआधी असते तेवढीच शांतता, पुढच्या वर्गाचा गलका येईपर्यंत. स्वतःला एकच विचारलं: आज तू इथे होतीस का? तेव्हापासून रोज बसते. कधी उत्तर हो येतं. कधी येतं, की तू अर्धा तास पोरांवर चिडलेली होतीस आणि राग त्यांच्यावरचा नव्हताच. एकदा असं आलं की आजचा तास अगदी रटाळ होता, आणि मला उद्या तो पुन्हा घ्यावासा वाटला. हे मी कुठेही लिहून ठेवत नाही. बाबांनी भिंतीवरून काढलेला कागद मला चांगला आठवतो.

थंडीत मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला क्षेत्रभेटीसाठी पुणतांब्याला घेऊन गेले. परवानगीबरोबर गुंडाळलेलं बॅनरही मिळालं. मोठ्या अक्षरांत कॉलेजचं नाव, क्षेत्रभेट, आणि कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. नव्या कोऑर्डिनेटरने हात जोडून सांगितलं, मॅडम, एवढा एक फोटो नक्की. मी हो म्हटलं आणि तेव्हा तो काढायचं माझ्या मनातही होतं.

घाटाच्या पुढे, जिथे नदी वळते, तिथे आम्ही गेलो. काठावर दोरी धरून अंतर मोजलं आणि पाण्यात संत्री सोडली. संत्रं पाण्यात अर्धंअधिक बुडून तरंगतं, वाऱ्याने ढकललं जात नाही, आणि लांबून दिसतं, म्हणून वेग मोजायला बरं. त्यातलं एक संत्रं कुणीतरी खाल्लं आणि कबूल केलं नाही. काठालगत सोडलेलं संत्रं रेंगाळत होतं, आणि पलीकडच्या काठाकडे भिरकावलेलं सुसाट जात होतं. मी काहीच सांगितलं नाही. त्या दिवशी स्टाफरूमच्या दारात आलेली मुलगी दोन्ही काठ बघत उभी होती. ती म्हणाली, "म्याडम, वळनाच्या भाईर पानी जोरात पळतंय, म्हनून त्यो काठ तुटतोय. आन् हिकडं त्याला पळायची घाई न्हाई, म्हनून गाळ टाकतंय. आसंच हाय ना?"

मी म्हटलं, असंच आहे का, ते तूच दाखव. मग जो गोंधळ उडाला, तो अजून कानात आहे. ज्याच्या आजोबांची जमीन गेली होती तो मुलगा म्हणाला, म्हणजे आमची जमीन नदीने चोरली नाही, ती खाली कुठंतरी कुणाच्या तरी शेतात पडली असणार. दोघे-तिघे भांडायला लागले, ओल्या रेतीत काड्यांनी नद्या काढायला लागले. मी त्यांच्यात घुसले. मी बोलत होते, विचारत होते, चुकलेल्याला अडवत होते, ओरडतही होते, आणि माझा आवाज नदीच्या पलीकडे ऐकू जात होता. घसा दुखायला लागला तेव्हा मला कळलं की तो आवाज परत आलाय. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. एवढ्या मुलांसमोर मी मोठ्याने हसले.

दुपारी भूक लागली. जमीन ओली होती. कुणीतरी बॅनर उलगडलं, अंथरलं आणि त्यावर सगळे बसून चटणी-भाकरी आणि उरलेली संत्री खाल्ली. बाबा काठी टेकत आले आणि कॉलेजच्या नावावर मांडी घालून बसले. जाताना ते एवढंच म्हणाले, "आज तुजा साहेब आला न्हवता."

फोटो कुणीच काढला नाही. माझ्या लक्षातही राहिलं नाही. हे मला परतीच्या एसटीत आठवलं आणि मी खिडकीला डोकं टेकून हसत राहिले. दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटरचा चेहरा पडला. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, क्षेत्रभेट झाली याला पुरावा काय? मी मातीने माखलेलं बॅनर त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यावर चटणीचे डाग होते. ते त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी मलाही सांगा. ते रागाने म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझा पहिला तास त्यांनी बदलून दुसरा केला.

मग हंगामाचा सण आला. त्या दिवशी चर्चमध्ये लोक आपापल्या शेतातलं आणतात. वेदीपुढे ऊस, कणसं, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, आणि पाय बांधलेली एक कोंबडी जी उपासनेत मधेमधे भाग घेत होती. बाबा माझ्या शेजारी होते. पाळकसाहेब उभे राहिले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझं नाव घेतलं. मागचे बाक हसायच्या तयारीत पुढे सरकले, हे मला न बघताही कळलं.

मी उठले. लगेच बोलले नाही. आधी आत जाऊन आले. जेवढा वेळ लागला तेवढा लागला, आणि कोंबडीसुद्धा गप्प बसली. मग मी म्हणाले, "देवा, मला पुन्हा शिकवता येतंय. एवढंच सांगायचं होतं. आमेन."

कुणी हसलं नाही. सगळं चर्च एकदम आमेन म्हणालं, आणि त्यानंतर, एकटंच आणि सगळ्यांत मोठ्याने, बाबांचं आमेन आलं.

बाहेर चपला घालताना नवरा कानाशी कुजबुजला, "झालं का आभार प्रदर्शन?"

मी म्हटलं, झालं. या वेळी खरं होतं.